काळं फक्त संक्रांतीला

सई,

समोर बसून बोलायला गेलो की तू हेडफोन लावतेस नाहीतर मीच काहीतरी पांचट जोक मारून विषय घालवतो, म्हणून टाइप करतोय. सेकंड शिफ्ट आहे, जेवणाच्या सुट्टीत जमेल तेवढं.

23 जुलैच्या सकाळचं बोलायचंय. तुझा तो हेवी मेटलवाला गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला म्हणून तू ओट्यापाशी उभी राहून रडत होतीस, आजी दुसऱ्या दिवशीच्या दिव्यांच्या अवसेसाठी समया घासत बसलेली, आणि आत्या फोनच्या स्पीकरवर. ती म्हणाली तो वटवाघळाचं डोकं चावलेला ना, त्याचं आता सुतक पाळणार का? आजी म्हणाली मी कधीची सांगतीये, काळं फक्त संक्रांतीला घालावं. आणि मी हसलो. तू माझ्याकडे बघितलंस ते दिसलं मला, तरी हसलो.

2011 च्या जानेवारीत भीमसेनजी गेले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. त्या दिवशी आपल्याकडे कुकर लागला नव्हता. आजी दिवसभर रेडिओपाशी, डोळे लाल. तिचं त्यांच्याशी नातं काय, तर रमणबागेत थंडीत शाल गुंडाळून रात्र रात्र ऐकलेला सवाई, बस. पण तुमचे कोण लागत होते हो, असं तिला कोणी विचारलं नाही, मी तर नाहीच.

मग मी तुला न सांगता वाचायला लागलो. ऑझीपेक्षा मला त्याच्या ब्लॅक सॅबथ बँडमधला तो दुसरा सापडला, गिटारवाला, टोनी आयोमी. बर्मिंगहॅमला शीट मेटलच्या कारखान्यात कामाला, वय 17, नोकरीचा शेवटचा दिवस. हा वेल्डर, पण प्रेसवरचं माणूस आलं नाही म्हणून याला प्रेसवर उभं केलं. दुपारी जेवायला घरी गेला तेव्हा परत जायचंच नव्हतं त्याला, आई म्हणाली काम अर्धं टाकून येऊ नये, जा. गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच तो.

अगं मी 22 वर्षं प्रेस शॉपला आहे. आता दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, पण मी लागलो तेव्हा जुन्या मशीनला पायडल होतं. शेजारच्या मशीनवर एकाची बोटं गेली, आवाज काही वेगळा आला नाही, नेहमीसारखाच ठोका पडला आणि मग तो ओरडला. नंतर गेटवर वॉचमन म्हणून बसायचा. आणि या आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या, पुढे त्या सैलही सोडल्या म्हणजे बोटाला कमी त्रास. तार सैल केली की सूर खाली येतो, जड होतो. आपण घरात ज्याला मिक्सर लावलाय का म्हणतो त्यात एका प्रेसचा हात आहे हे मला या वयात कळलं.

आवडायला लागलंय असं खोटं नाही सांगणार. ते घशातून गुरगुरणं अजून झेपत नाही (ऑझी तसं गात नव्हता म्हणशील, माहितीये, ते वेगळे). पण ब्लॅक सॅबथचा 1970 चा तो पहिला अल्बम कंपनीच्या बसमध्ये तीनदा ऐकला. सुरुवातीला पाऊस आणि घंटा, मला वाटलं फोन बिघडला.

आणि सोसायटीतून तुझ्या गिटारबद्दल परत तक्रार आली तर मला सांग. नदीपात्रातून दोन महिने रोज ढोल ऐकू येतो तेव्हा कोणी काही बोलत नाही, आणि कॉलेजात असताना तो ढोल मीच बडवायचो, त्यामुळे मला तरी बोलायला तोंड नाही.

रविवारी आत्या येतीये. काळा टी-शर्ट धुवून गॅलरीत टाकलाय, उलटा करून, नाहीतर उन्हात कवटीचं प्रिंट जातं. सकाळी काढून घे.

बाबा