सगळं घर एका वायरवर टांगू नकोस

प्रिय बाळास,

परवा फोनवर तू सांगितलंस की सकाळपासून लाइट नाही, टाकीतलं पाणी संपलं, लिफ्ट बंद, "पण पप्पा टेन्शन नको, अ‍ॅपवरून पाण्याचे जार मागवले, आले पण लगेच". आले हे चांगलंच झालं. पण तो पोरगा जार खांद्यावर घेऊन अकरा मजले जिना चढून आला हे तू सहज बोलून गेलीस आणि मला तिथंच खटकलं, म्हणून हे एवढं लांबलचक टाईप करत बसलोय. कंटाळा आला तर दोन हप्त्यात वाच पण वाच, आणि जावयांनाही दाखव.

माझं म्हणणं एकच आहे, तुमचं ते पुण्यातलं घर एका वायरवर टांगलेलं आहे. मोजून बघ की. पंप चालला तर वर पाणी, पंप विजेवर. आरओ विजेवर. शेगडी कटकट वाटते म्हणून इंडक्शन घेतलंत, ते विजेवर. पैसे फोनमध्ये आणि फोन चार्जरवर, घरात दहाची नोट सापडायची नाही. सोसायटीचा जनरेटर आहे म्हणतेस पण तो डिझेल असेपर्यंत, आणि त्या दिवशी तो पण चालू झाला नव्हताच ना? मी सगळी नोकरी वीज मंडळात लाईनवर काढली, त्यामुळं कुणी म्हणालं ना की आमच्याकडं लाइट जातच नाही, तर मला हसू येतं. लाइट जाते गं. आणि पुरात तर आम्हीच घालवतो, पाणी सबस्टेशनला लागायच्या आधी बंद करावं लागतं, नाहीतर माणसं मरतील.

2019चा आपल्या कोल्हापूरचा महापूर तू टीव्हीवर बघितलास, तू तेव्हा बाहेर होतीस. आपलं घर उंचावर, पाणी आपल्या गल्लीच्या जवळपास पण फिरकलं नाही. लोकांना वाटतं मग तुम्हाला काय त्रास! अगं पंचगंगा घरात आली नाही पण नळातनं गेली. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी, सगळी उपसा केंद्रं पाण्याखाली, पंप बुडाले, म्हणजे शहराच्या चारी बाजूला पाणीच पाणी आणि प्यायला टँकरच्या मागं लाईन. हायवे शिरोलीजवळ बंद, मग दूध नाही भाजी नाही, पेट्रोल फक्त अँब्युलन्स आणि अत्यावश्यक गाड्यांना, एटीएमवर कागद चिकटवलेला. मोबाईलचे टॉवर पण असेच गेले, त्यांच्याकडं बॅटरी असते जनरेटर असतो पण रस्ता बंद झाल्यावर डिझेल कोण पोचवणार. 2021ला परत तेच. पूर ज्याच्या घरात शिरला त्याचं दुःख मोठं, त्याची बरोबरी करायची नाही, पण ज्याच्या घरात नाही शिरला त्याला पण आठवडाभर आपलं आपण भागवावं लागतं, आणि तुम्ही या दुसऱ्या जातीतले आहात, अकराव्या मजल्यावर पाणी कशाला येतंय.

आता कामाचं बोलू.

पाणी आधी. दोन माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून रोज दहा लिटर धर, उन्हाळ्यात जास्त. पाच दिवसांचं म्हणजे पन्नास. वीस लिटरच्या दोन-तीन कॅन घे, झाकणाच्या, आणि गॅलरीत उन्हात नको, आत सावलीला ठेव. वापरायचं आणि भांड्याचं पाणी वेगळं, त्याला एक पिंप. तू म्हणशील फ्लॅटमध्ये पिंप बरं दिसत नाही, नाही दिसत, बाथरूममध्ये ठेव. पण पाणी साठवून विसरायचं नाही, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस, पिंप रिकामं करून घासून परत भरायचं, जुनं पाणी झाडांना आणि फरशीला. आणि टँकरचं पाणी आलं तर कापडानं गाळून, गढूळ असेल तर तुरटी फिरवून खाली बसू द्यायचं, मग खळखळ उकळायचं. तुरटीनं गाळ बसतो, जंतू मरत नाहीत, हे लोक विसरतात. क्लोरीनचे थेंब मेडिकलमध्ये मिळतात, बाटलीवर लिहिलंय तेवढेच टाकायचे.

आणि एक, लाइट गेली की आधी बादल्या भर, मग सोसायटीच्या ग्रुपवर विचार का गेली म्हणून. वरच्या टाकीत जे काही उरलेलं असतं त्यावर पुढच्या तासाभरात अख्खी बिल्डिंग तुटून पडते.

आता विजेचं, हे माझं खातं. तुमच्या दारामागं जो डीबी आहे, पांढरा बॉक्स, त्याचं झाकण उघड. एमसीबीच्या बारक्या खटक्यांची ओळ दिसेल. बहुतेकांना वाटतं एमसीबी आहे म्हणजे शॉक लागला तर पडेल. पडत नाही. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवणारा वेगळा असतो, थोडा रुंद, कुणी ईएलसीबी म्हणतं कुणी आरसीसीबी, त्याच्यावर 30 एमए लिहिलेलं पाहिजे आणि एक छोटं बटण असतं, टी किंवा टेस्ट लिहिलेलं. लाइट असताना ते बटण दाब, खट्कन खटका पडला पाहिजे आणि घर बंद झालं पाहिजे. पडला तर वर कर, झालं. नाही पडला तर त्याच दिवशी वायरमन बोलव, उद्या नको. महिन्यातनं एकदा दाबायची सवय लाव, आधी कॉम्प्युटर तेवढा बंद कर नाहीतर जावई माझ्या नावानं ओरडतील.

पाण्यात उभं राहून कुठल्याही विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही, पार्किंगमध्ये पाणी भरलं तर गाडी काढायला उतरायचं नाही, मीटर बहुतेक तिथंच खाली असतात. पुण्यातलंच सांगतो, 25 जुलै 2024, डेक्कनला पुलाच्या वाडीत पाणी वाढायला लागलं म्हणून पोरं अंडाभुर्जीची गाडी हलवायला गेली, शॉक लागून तिघं गेले. गाडी केवढ्याची आणि जीव केवढ्याचा. त्याच दिवशी सिंहगड रोडला एकतानगरीत लोक सकाळी उठले तर खाली पाणी भरलेलं. म्हणजे पूर कोल्हापूर-सांगलीलाच येतो असं नाही बाळ.

इन्व्हर्टर घ्यायचा विचार आहे म्हणालीस तर घ्या. नवीन 150 एएचची बॅटरी दोन पंखे आणि चार एलईडी सहा-सात तास ओढते, फ्रिज, गिझर, इंडक्शन त्याच्यावर टाकायचं नाही. डिस्टिल्ड वॉटर बघत जा, नळाचं घालायचं नाही. आणि कुणी छोटा जनरेटर आणून दोन्हीकडं पिन लावलेल्या वायरीनं भिंतीतल्या सॉकेटमध्ये जोडायची आयडिया काढली तर त्याला तिथंच थांबव. तो करंट उलटा ट्रान्सफॉर्मरवर जातो, तिथं वाढून अकरा हजाराचा होतो, आणि वर खांबावर लाईन बंद आहे म्हणून निर्धास्त चढलेला आमचा माणूस असतो. यावर मी जास्त लिहीत नाही.

टॉर्च घ्या, मेणबत्त्या कमी करा, पडदे आहेत तुमच्याकडं. इंडक्शन राहू दे पण एक पाच किलोचा सिलिंडर आणि साधी शेगडी पाहिजेच, लायटरबरोबर काडेपेटी पण, पावसाळ्यात डब्यात घालून. गॅसचा वास आला तर बटण चालू पण करायचं नाही आणि बंद पण करायचं नाही, ठिणगी दोन्हीकडं पडते. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बाहेर येऊन 1906ला फोन. बाकी 112 आणि 108 तुला माहिती आहेत, पण दारामागं कागदावर लिहून चिकटव, आमचा नंबर पण लिही, कारण फोन बंद पडला की तुम्हा पोरांना आईबापाचा नंबर पाठ नसतो.

खायचं तुझी आई बघतीय, ती स्वतंत्र व्हॉइस मेसेज करेल, दहा मिनिटांचा असेल, ऐक. माझं एवढंच की सगळं शिजवायचं नको, काही विनाशिजवणीचं पाहिजे: सातूचं पीठ, शेंगदाणे-गूळ, भडंग, खाकरे, दुधाची पावडर. आणि जे एरवी खाता तेच जास्त ठेवा, वेगळं "पुराचं सामान" म्हणून डबे भरून ठेवले की त्याला किडे लागतात.

पैसे, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत दोन-तीन हजार, हात लावायचा नाही. सासूबाई आल्या की त्यांचं इन्सुलिन असतं, फ्रिज बंद पडला तर बाटली पिशवीत घालून ओल्या मातीच्या माठात गार जागी ठेवायची, बर्फात खुपसायची नाही, गोठलं की फेकायचं. गोळ्या पंधरा दिवसांच्या जास्त. अ‍ॅग्रिमेंट, पॉलिसी, मार्कलिस्ट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये एका पिशवीत, आणि पिशवी कुठं आहे हे दोघांनाही माहिती पाहिजे.

बाहेर पडायची वेळ आली तर लवकर पडायचं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याला मोजतात, तिथं इशारा 39 फूट, धोका 43, हे इथल्या पोरासोरांना पाठ. सुतारवाड्यात पाणी पहिलं शिरतं, तिथली माणसं सामान बांधून वेळेत निघतात, त्यांना सवय आहे. 2019ला अडकले कोण, तर ज्यांनी भिंतीवरची 2005ची खूण बघून ठरवलं की एवढ्यावर येतंच नाही. 2005ला 50 फुटांच्या आसपास होतं, 2019ला 55च्या वर गेलं, 2021ला 56च्या वर. नदी खूण बघून येत नाही. तुमच्याकडं खडकवासल्यातून पाणी सोडल्याचा मेसेज आला की खालच्या मजल्यावरच्या त्या आजोबांना आधी वर आणा, त्यांना चार जिने चढायला अर्धा तास लागतो.

रविवारी दादा गाडी घेऊन तिकडं येतोय, त्याच्याबरोबर दोन कॅन, टॉर्च आणि आईचे डबे पाठवतोय. गाडी लावायला जागा सांगून ठेव. आणि आज रात्री डीबीचं झाकण उघडून फोटो पाठव, फ्लॅश मारून, खटक्यांवरचे आकडे वाचता आले पाहिजेत.

पप्पा