तिबेरियसच्या नाण्याऐवजी ओतीव नक्कल पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

रोमन सम्राट तिबेरियसचे अस्सल डेनारियस, म्हणजे रोमन चांदीचे नाणे, म्हणून मी आपल्याकडून दोन नाणी घेतली. पहिले दिवाळीत माझ्यासाठी, दुसरे गेल्या महिन्यात इतिहासात एम.ए. करणाऱ्या भाचीसाठी. दोन्हींसोबत आपले खात्रीपत्र आहे. दोन्ही नाणी नकली आहेत.

दोन्ही शेजारीशेजारी ठेवली तेव्हा हे लक्षात आले. पहिल्यावर सम्राटाच्या हनुवटीखाली बारीक ओरखडा आहे आणि मानेमागे कडेला चीर. दुसऱ्यावरही तोच ओरखडा, तीच चीर, अगदी त्याच जागी. रोमन टाकसाळीत एकेक नाणे हातोड्याने ठोकून पाडत. एका ठशाची अनेक नाणी निघत, हे मान्य. पण कडेची चीर दोन नाण्यांना हुबेहूब सारखी कशी जाईल? एकाच साच्यात ओतल्याशिवाय हे होत नाही. भिंगातून अक्षरांच्या कडेला बुडबुड्यांचे खळगे दिसतात आणि काठावरची जोडाची रेघ कानशीने घासलेली कळते. सराफाच्या काट्यावर एक ३.०५ ग्रॅम भरले, दुसरे ३.१०. अस्सल नाणे साधारण पावणेचार ग्रॅमचे असते.

इ.स. १४ ते ३७ राज्य करणाऱ्या या सम्राटाने पानांचा मुकुट घातलेला आपला चेहरा आणि भोवती ‘दिव्य ऑगस्टसचा पुत्र’ हे बिरूद घराघरात पोचवले, ते याच नाण्यावरून. नाण्याच्या मागच्या बाजूला राजदंड आणि फांदी धरून बसलेली स्त्री आहे. ती त्याची आई लिव्हिया असावी, असे बरेच अभ्यासक मानतात. व्यापाऱ्यांबरोबर ही नाणी दक्षिण भारतापर्यंत आली. भाचीच्या तळहातावर मला हे सगळे ठेवायचे होते. आपण पाठवलेल्या नाण्यांवर त्या फांदीचा नुसता गोळा झाला आहे आणि ऑगस्टसचे नाव वाचताच येत नाही.

दोनदा फोन केला. ‘जुन्या नाण्यांत असे असतेच, शिवाय परतीची मुदत संपली,’ एवढेच उत्तर मिळाले. खात्रीपत्रावर मात्र कोणतीही मुदत लिहिलेली नाही.

दोन्ही नाण्यांचे मिळून ३७,००० रुपये १५ दिवसांत परत करावेत आणि नाणी आपल्या खर्चाने घेऊन जावीत. हे नाणे ज्या इतर ग्राहकांना विकले, त्यांनाही कळवावे. त्यांच्याकडे एकच नाणे असेल तर त्यांना हे कधी समजणारही नाही. मुदतीत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत पावत्या, खात्रीपत्रांच्या प्रती, दोन्ही नाण्यांचे फोटो आणि सराफाची वजनाची चिठ्ठी जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक