एडिंबऱ्याहून काकांस: तीसच प्रती का

एडिंबरा,
दि. १६ नोव्हेंबर

तीर्थरूप काकांच्या सेवेशी,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पोहोचले. माझ्या पोटापाण्याची सगळी काळजी आपण एकाच प्रश्नात मांडली आहे: ज्या कोरलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापचित्राच्या तीन हजार प्रती निघतील त्यावरून तीसच काढून तो पत्रा रद्द करायचा, हा धंदा की धंद्याची थट्टा? ज्यांनी आयुष्यभर ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छापयंत्रावर, लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि निवडणुकीची हँडबिले छापली, त्यांनी हे विचारावे यात नवल नाही. शाई आणि कागद दोन्ही आपल्याला कळतात, म्हणून मोघम उत्तर देऊन माझी सुटका होणार नाही.

आधी पत्र्याबद्दल. तांब्यावर सुईने थेट ओरखडा काढला की रेघेच्या कडेला धातूची बारीक, खरखरीत कड उभी राहते. शाई तिच्यात अडकते आणि कागदावर रेघ मऊ, दाट उमटते. यंत्राच्या दाबाखाली ही कड काही डझन प्रतींतच बसून जाते. आम्लाने कोरलेली रेघ अधिक टिकते, पण तीही झिजते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मात्र विजेच्या साहाय्याने तांब्यावर लोखंडाचा पातळ मुलामा चढवता येऊ लागला आणि झिजेची सबब लंगडी पडली. लिनोवर, म्हणजे मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर, कोरलेले चित्र तर शेकड्यांनी छापता येते, तरी मी त्याच्याही तीस-चाळीसच प्रती काढते. म्हणजे आजची मर्यादा बव्हंशी माणसाने, आणि बाजाराकडे पाहूनच, घातलेली आहे, हा आपला आक्षेप खरा आहे.

त्या मर्यादेवर किंमत कशी उभी राहते ते सांगते. प्रत्येक प्रतीच्या खाली पेन्सिलीने डावीकडे ७/३० असा आकडा, मध्ये चित्राचे नाव आणि उजवीकडे सही असते. शिवाय चित्रकाराने स्वतःसाठी ठेवायच्या काही प्रती असतात, त्या साधारण आवृत्तीच्या दहाव्या हिश्श्याइतक्या असाव्यात असा रिवाज आहे. मग पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो बाद करतात. एकतिसावी प्रत निघणार नाही या भरवशावर गिऱ्हाईक एका कागदाचे १६० पौंड मोजते, आणि तो भरवसा एकदा मोडला तर पुन्हा कोणी दारात उभे करीत नाही.

याच्या नेमका उलटा मार्ग आपल्याकडे राजा रविवर्म्यांनी धरला होता. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, जर्मन कारागीर आणले आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचतील एवढ्या प्रती काढल्या. आजींच्या देवघरातली लक्ष्मी त्यांच्याच चित्राच्या छापांपैकी होती. तरीही कर्ज वाढले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखाना श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. अफाट खपानेही मालक तरतोच असे नाही, एवढेच यातून दिसते. बाकी त्यांच्या चित्रांनी जे केले ते माझ्या तीस प्रतींना कधी जमणार नाही.

खरे तर तीस हा आकडा माझ्या दंडाशीही जुळतो. कोरलेल्या पत्र्यावर शाई फासायची, ती रेघांत दाबायची, खळ दिलेल्या जाळीदार कापडाने वरची शाई गोल गोल पुसून काढायची आणि शेवटी तळहाताला खडूची पूड लावून पृष्ठभाग हलकेच साफ करायचा. हात जरा जड पडला तर रेघेतली शाई उपसली जाते, हलका पडला तर चित्र मळकट येते. मग आदल्या दिवशी भिजवून ओलसर ठेवलेला सुती कागद त्यावर घालायचा, वर जाड लोकरी नमदे घालायचे आणि दाबयंत्राचे चाक फिरवायचे. एका प्रतीला अर्धा तास सहज जातो, आणि पुढच्या प्रतीसाठी शाईपासून पुन्हा सुरुवात. ट्रेडलवर तासाला हजार काढणाऱ्याला याचे हसू येईल.

असे दाबयंत्र स्वतःचे घेणे मला परवडण्यासारखे नाही आणि त्याची गरजही नाही. इथे १९६७ साली स्थापन झालेली एडिंबरा प्रिंटमेकर्स ही सार्वजनिक कार्यशाळा आहे. सभासद व्हायचे, वापराचे पैसे भरायचे आणि काम करायचे. २०१९ पासून ती फाउंटनब्रिज भागात, एका जुन्या रबर कारखान्याच्या इमारतीत आहे. आम्लाच्या वाफांची काळजी काकूंनी करू नये. याच कार्यशाळेत १९९०च्या दशकात फ्रीडहार्ड कीकेबेन या छापचित्रकारांनी फेरिक क्लोराइडमध्ये सायट्रिक ॲसिड, म्हणजे चिवड्यात घालतात तेच लिंबाचे सत्त्व, मिसळून तांबे कोरण्याची पद्धत बसवली. नायट्रिक ॲसिडच्या विषारी वाफा तीत नाहीत आणि पत्र्यावर गाळही साचत नाही.

आता हिशेब. तीसही प्रती विकल्या गेल्या तर ४,८०० पौंड होतात. ते लगेच रुपयांत गुणू नका. गॅलरी जवळजवळ निम्मे ठेवते, चौकट आणि कागदाचा खर्च माझा, आणि आवृत्ती संपायला वर्षे लागतात. एका गॅलरीने तर विकलेल्या प्रतींचे पैसे तब्बल वर्षाने दिले. तेव्हापासून चित्र देतानाच मी लेखी पोच घेते. छापचित्राचा एक फायदा मात्र मोठा आहे. लंडनच्या रॉयल अकॅडमीचे १७६९ पासून दरसाल भरणारे उन्हाळी प्रदर्शन पाहिले, तेव्हा तैलचित्राखाली विक्रीची खूण म्हणून एकच लाल टिकली आणि शेजारच्या छापचित्राखाली टिकल्यांची रांग दिसली. एकच चित्र अनेकांच्या घरी जाऊ शकते आणि म्हणून साध्या पगाराच्या माणसालाही घेता येते. तरीही माझी निम्म्याहून अधिक कमाई शनिवार-रविवारच्या शिकवणीची आणि दुसऱ्या चित्रकारांच्या आवृत्त्या छापून देण्याची आहे. त्यात मला कमीपणा वाटत नाही. दुसऱ्याची तिसावी प्रत पहिलीसारखी काढून देताना जेवढे शिकले, तेवढे महाविद्यालयात शिकले नव्हते.

व्हिसाचे आपण विचारले होते. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. पदवीनंतरच्या व्हिसावर येतो, पण त्याची मुदत थोडी. म्हणून आता कलावंतांनाही मिळणाऱ्या ग्लोबल टॅलेंट व्हिसासाठी अर्ज करते आहे; त्याला आर्ट्स कौन्सिल इंग्लंड या कलासंस्थेची मान्यता लागते. त्यासाठी तीन शिफारसपत्रे आणि प्रदर्शनांचे पुरावे लागतात. अर्ज मंजूर होईलच असे सांगत नाही. करविवरण ३१ जानेवारीच्या आत भरायचे असते, त्याच्या पावत्या मी महिन्यावार लावून ठेवल्या आहेत. ही सवय आपलीच.

शेवटी एक विनंती. जाहिरातींसाठी वापरायचे मोठे लाकडी खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे ठसे, माळ्यावर असतील, तर ते ट्रेडलबरोबर भंगारात देऊ नयेत. एकेका अक्षराचा फोटो मागून-पुढून काढून पाठवावा, कुठे चिरा गेल्या आहेत तेही दिसू द्यावे. पार्सलचा खर्च मी करीन, आणि खिळ्यांचा भाव आपण सांगाल तो. फक्त घरातले माणूस म्हणून तो कमी करू नये.

सौ. काकूंना नमस्कार, लहानांस आशीर्वाद. कळावे.

आपली आज्ञाधारक पुतणी