आकडा कळव

लातूर,
९ नोव्हेंबर २०२५

चि. माधवास अनेक आशीर्वाद.

बँकेचं पाकीट तुझ्या नावाचं होतं, तरी मी फोडलं. चुकलंच. पण 'अण्णा, तुम्हाला धंद्यातलं कळत नाही' हेही तू बोलायला नको होतं. ३३ वर्षं एसटीत वाहक होतो. वे-बिल आणि रोकड जुळल्याशिवाय कधी डेपो सोडला नाही, कमी पडलं तर खिशातून भरलं. तेवढं कळतं.

भांडायला लिहीत नाही. तुमच्या गेमच्या कंपनीत सात जणांचे तुम्ही तिघंच उरलात, ऑफिस सोडताय, यात लाज कसली? सुरुवात कुठे झाली होती? गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, तू आणि फय्याज. २०१६ चा उन्हाळा. एप्रिलात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा डबे, पाच लाख लिटर, आणि तुम्ही वर घाम पुसत टँकरचीच गेम करत बसलेले. नळी ओढायची, घागर भरायची, मध्ये कोणी घुसलं की तुझ्या आईचा आवाज, 'ए बाई, नंबर माझा हाय!' खऱ्या भांडणातला आवाज तुम्ही तिला न विचारता घेतला होता. आठ दिवस बोलली नाही तुझ्याशी, मग गल्लीभर तीच दाखवत फिरली. मीही डेपोत दाखवायचो. ड्रायव्हर लोक ड्युटी लागेपर्यंत खेळत बसायचे. हे तुला कधी सांगितलं नाही.

तर कर्जाचं. पाकिटात हप्ता आहे, मूळ रक्कम नाही. हे एकच आहे की आणखी आहेत?

तू दर वेळी फिनलंडच्या रोव्हिओ या गेम कंपनीची गोष्ट सांगतोस, म्हणून या वेळी मी वाचून काढली. २००३ मध्ये तीन विद्यार्थ्यांनी सुरू केली, ५१ गेम केल्या, २००९ मध्ये बुडायला आली, माणसं बाराच उरली, आणि त्याच डिसेंबरात अँग्री बर्ड्स आली. २०२३ मध्ये सेगाने ती कंपनी ७० कोटी युरोंच्या वर देऊन घेतली. सगळं खरं. पण मधली सहा वर्षं त्यांनी दुसऱ्या कंपन्यांच्या गेम करून पोट भरलं, हे तू गाळतोस. आणि कंपनीच्या प्रमुखाच्या बापाने त्यात पैसा घातला होता, हेही गाळतोस. मला वाईट वाटू नये म्हणूनच ना? माझ्याकडे घालायला पेन्शन आणि दीड एकर. सोयाबीन यंदा पाण्यातच गेलं.

बाहेरची कामं घे. कोणाच्या शाळेची, कोणाच्या दुकानाची. तुमची गेम फुकट आणि कमाई जाहिरातीची, म्हणजे तिकीट न फाडता एसटीच्या पाठीवरच्या जाहिरातीवर गाडी चालवायची. डिझेल कुठून येणार? बघ, पुन्हा शिकवायला लागलो. सोडून दे.

एक मात्र कबूल करतो. तो रमीवाला आला होता, वर्षभराचे पगार निघतील एवढं काम घेऊन. तू नाही म्हणालास तेव्हा मी दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. या ऑगस्टात सरकारने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. बातमी लागली तेव्हा आईने टीव्हीचा आवाज मोठा केला आणि माझ्याकडे बघितलं. तू बरोबर होतास. कायदा नसता आला तरी होतास.

तुझ्या बापूकाकानेही आकडा कोणाला सांगितला नव्हता. मला विचारलं असतं तर बैल विकले असते, काहीही केलं असतं. तू तेव्हा दहावीत होतास, तुला सगळं आठवतं. हे लिहायचं नव्हतं. आता खोडत नाही.

फय्याजच्या अम्मीला सलाम सांग. त्याच्याही नावावर कर्ज आहे का?

तुझा,
अण्णा

ता. क. आईला नवा फोन घेतला, त्यावर टँकरची गेम मिळतच नाही. दुकानदार म्हणाला, गेम जुनी झाली, बनवणाऱ्यानेच ती नव्या अँड्रॉइडसाठी सुधारून टाकायला हवी. तिने जुना फोन पिठाच्या डब्याजवळ चार्जिंगला लावून ठेवलाय, काच फुटलेला. सवड मिळाली तर बघ. आणि आकडा कळव. फोनवर नको, मेसेज कर. आईने वाचला तरी चालेल, तिला अंदाज आहे.