ग्वानजांगनिम, त्या दिवशी कुणाचाच बेल्ट सैल नव्हता

ग्वानजांगनिम, नमस्कार.

हे पत्र मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्ही ते वाचाल याची शक्यता शून्य. माझं कोरियन दहा महिन्यांनंतरही "पिशवी नको" आणि "तिखट कमी" एवढ्यावरच अडकलंय, आणि ट्रान्सलेशन ॲपवरचा विश्वास १५ मेला उडाला, ते पुढे सांगते. पण तीन आठवड्यांनी आम्ही कोरियातलं हे सुवन शहर सोडून पुण्याला परत जातोय, काल सामान भरताना लेकाचा पहिला पांढरा बेल्ट सापडला आणि मी तिथेच खोक्यांच्या मधे बसून रडले. नवरा म्हणाला अगं आता लिहूनच टाक एकदाचं, नाहीतर विमानात रडशील. तर लिहितेय.

(वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: डोजांग म्हणजे तायक्वांदोची शाळा, आणि ग्वानजांगनिम म्हणजे त्या डोजांगचे मुख्य सर. शेवटचं 'निम' म्हणजे आपलं 'जी' किंवा 'राव' समजा. नुसतं नाव घेऊन हाक मारायची नाही, चुकूनही नाही.)

आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि तो अडखळत बोलतो. हुशार आहे, पाठांतर झकास, पण शब्दाच्या तोंडाशी गाडी अडते. द, ड, क, ग ही अक्षरं त्याची वैरी. पुण्यात असताना कुणीतरी सांगितलं की मार्शल आर्टला घाला, कॉन्फिडन्स वाढतो, म्हणून घराजवळच्या एका तायक्वांदो क्लासला घातला. नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही, तसे क्लास गल्लोगल्ली आहेत. तिथले सर प्रत्येक पालकसभेत सांगायचे की हा ऑलिंपिकचा खेळ आहे, २००० च्या सिडनीपासून मेडल आहे, तुमच्या मुलात पोटेन्शियल आहे वगैरे. आणि सोसायटीच्या ग्राउंडवर डेमो होता त्याच्या आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, मॅडम, याला मागच्या लाइनीत ठेवतो, काउंट म्हणताना अडकतो, व्हिडिओ खराब होतो. दुसऱ्या दिवशी बघते तर मागच्या लाइनीतही नाही, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवलेला. तो पण शहाणा, घरी येऊन म्हणाला मला बाटल्यांची ड्यूटी मिळाली. मी काहीच बोलले नाही. सरांनाही नाही. त्याचा राग अजून स्वतःवरच आहे.

मग नवऱ्याच्या कंपनीने सुवनला पाठवलं. पुन्हा तायक्वांदो नको असं मी ठरवलंच होतं, पण इथे तो प्रश्नच नाही, शाळा सुटली की गेटवर पिवळ्या व्हॅनची रांग, अर्धा वर्ग त्यात बसून आपापल्या डोजांगला जातो. एकटा घरी कोण बसणार? गेला तोही.

पहिल्या दिवशी मी सोबत होते. तिसरा मजला, खाली फ्राइड चिकनचं दुकान, शेजारी पियानो क्लास, समोर गणिताचा क्लास, जिन्यात तळणाचा वास. मला वाटलं अरे, हे तर आपल्याकडच्यासारखंच! लेकाने पुण्याचा यलो बेल्ट पिशवीतून काढून तुम्हाला दाखवला. तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात, नीट बघितलात, घडी घालून दोन्ही हातांनीच परत दिलात आणि गुडघ्यावर बसून त्याला नवा पांढरा बांधलात. तेव्हा मला जरा लागलं होतं, खोटं कशाला बोलू. आमचे वर्षभराचे पैसे पाण्यात की काय.

आणि शुक्रवारी तुम्ही मुलांना डॉजबॉल खेळायला लावता, मधेच दोरीवरच्या उड्या, याच्यावरही मी महिनाभर कुरकुर केली. ब्लॅक बेल्टबद्दलही माझ्या डोक्यात जे सिनेमातलं होतं ते उतरलं. इथे मुलं साधारण वर्षभरात पहिल्या पायरीला पोचतात, त्या पायरीला मोठ्यांना 'दान' म्हणतात, पंधराच्या आतल्यांना 'दान' नाही 'पूम' मिळतो, अर्धा लाल अर्धा काळा बेल्ट, आणि वर्गात तो बऱ्याच जणांकडे असतो. कुणी त्याचा फ्लेक्स लावत नाही.

आता मुख्य गोष्ट.

ऑक्टोबर असेल. मी काचेपलीकडच्या बाकावर बसले होते, तिथे आया बसतात, कॉफी पितात, मोबाइल बघतात. समोरच्या भिंतीवर कोरियाचा झेंडा, खाली ओळीने वीसेक पोरं, आणि पुढून लाथ, तिला अपचागी म्हणतात, चालू होती. एकाने दहापर्यंत मोजायचं, प्रत्येक आकड्याला सगळ्यांनी एक लाथ, सोबत ओरडायचं, मग पुढच्याचा नंबर. पहिले काही आठवडे तुम्ही त्याला मोजायला लावलं नव्हतंत. त्या दिवशी लावलंत. माझ्या हातातला कप तिथेच थांबला.

हाना, दुल, सेत, नेत. चार व्यवस्थित गेले. पाचाला कोरियनमध्ये दासोत म्हणतात. द. माझ्या पोटात गोळाच आला, कारण मला इथून दिसत होतं की आता अडणार, आणि अडला. द-द-द. मान पुढे, डोळे मिटलेले. मागून कुणीतरी फिसकन हसलं, पोरंच ती. आणि आमच्या लेकाने काय केलं, तर तो वळला, भिंतीकडे तोंड करून बेल्टशी खेळायला लागला.

इथे एक रीत सांगायला हवी. डोबोक म्हणजे तो पांढरा ड्रेस, तो किंवा बेल्ट सैल झाला तर झेंड्याकडे किंवा सरांकडे तोंड करून नीट करायचा नाही, पाठ फिरवायची, मागे तोंड करून नीट करायचा आणि मग परत वळायचं. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. तर लेकाने नियमाचाच आडोसा घेतला होता. बेल्ट चांगला घट्ट होता, मीच दुपारी बांधून दिला होता. तो रडत होता, खांदे दिसत होते मला.

तुम्ही हसणाऱ्याला ओरडला नाहीत. त्याच्याजवळ गेला नाहीत, पाठीवर हात नाही, "इट्स ओके" नाही, दुसऱ्याला पुढे मोजायलाही सांगितलं नाहीत. तुम्ही फक्त मोठ्याने ऑर्डर दिलीत, द्वीरो दोरा, म्हणजे मागे वळ, आणि मग डोबोक जोंगनी, कपडे नीट करा. वीसच्या वीस पोरं गर्रकन मागे वळली आणि आपापले बेल्ट सोडून बांधायला लागली. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. कुणालाच कुणाचा चेहरा दिसेना.

आणि तुम्हीही वळलात. सरांना वळायची काय गरज होती? तुम्ही झेंड्याला पाठ करून तुमचा तो काळा बेल्ट सोडलात, कडांनी झिजून पांढरा पडलेला, आतले दोरे निघालेले, दोन्ही टोकं हातात धरून समान आहेत का बघितलंत, पुन्हा गुंडाळलात, गाठ मारलीत, पसंत नसल्यासारखी परत सोडलीत, परत मारलीत. इतका वेळ लावलात की एक-दोन पोरांचं बांधून झालं तरी ती वळायची हिंमत करेनात. शेवटी लेकाने बाहीने नाक पुसलं, बेल्टची टोकं खाली ओढली. तुम्ही तिरक्या नजरेने बघितलंत असं मला वाटतं, पण शपथेवर नाही सांगू शकत. मग बारो. सगळे सरळ.

आणि तुम्ही त्याच्याकडे बघून मान हलवलीत, पुढे चालू. पहिल्यापासून नाही, सहापासूनही नाही. पाच त्याचाच होता. तो परत अडला, पण म्हणाला. दा... सोत! आणि वीस लाथा एकदम हवेत आणि ते किहाप, ते ओरडणं, काच थरथरली. सहा ते दहा कसे गेले मला ऐकूच आलं नाही.

मी नऊ वर्षं त्याचे शब्द पूर्ण करत आलेय हो. भाजीवाल्यासमोर, आजीच्या फोनवर, शाळेत. तो 'को' म्हणाला की मी 'कोथिंबीर'. मला वाटायचं मी मदत करतेय. नातेवाइकांचं तर विचारूच नका, "आरामात बोल राजा, घाई नको" असं म्हणत सगळे एकदम त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. एकालाही सुचलं नाही की जरा दुसरीकडे बघावं.

१५ मेला इथे शिक्षक दिन असतो, राजा सेजोंगच्या जन्मदिवशी, मुलं सरांना लाल कार्नेशनची फुलं देतात. आम्हीही फुलं आणि घरच्या चकल्या घेऊन आलो होतो, आठवतंय का? मी ॲपमध्ये भलंमोठं वाक्य टाकून तुमच्यापुढे फोन धरला आणि तुम्ही ते वाचून गोंधळून स्वतःच्या बेल्टकडेच बघायला लागलात. देव जाणे काय उमटलं होतं. मग बाकावरच्या दुसऱ्या आईने, तिला इंग्लिश येतं, तिने माझ्या वतीने सांगितलं की ऑक्टोबरमधल्या त्या दिवसाबद्दल या थँक यू म्हणतायत. तुम्ही मान खाजवलीत, हसलात आणि काहीतरी म्हणालात. तिने सांगितलं, ते म्हणतायत, त्या दिवशी सगळ्यांचेच बेल्ट सैल झाले होते.

एवढंच. आणि चकली दोन्ही हातांनी घेऊन खाल्लीत.

चांगली माणसं पुण्यातही आहेत, उगाच परदेशाचं कौतुक नको. आमच्या कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका लेक बोलत असताना शर्टाची कॉलर दाबत राहायचे, वर न बघता, त्याचं वाक्य संपेपर्यंत. तेव्हा मला वाटायचं काकांचं लक्षच नाही. लक्ष होतं, आता कळतंय. अशी माणसं मोठं काही करत नाहीत, समोरच्याची पंचाईत चारचौघांत उघडी पडू देत नाहीत, बस. पण तेवढं करणारा ओळखता यायला मला नऊ वर्षं आणि एक समुद्र ओलांडावा लागला याचं मला वाईट पण वाटतं.

पूमची परीक्षा राहिली त्याची, लाल बेल्टवर परत चाललाय. तुम्ही म्हणालात की तो घरी करत राहू दे, पूमसे (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली) कुठे पळून जात नाही. त्याला पटलंय, मला अजून हुरहुर आहे.

मागच्या शनिवारी त्याच्या हट्टापायी सोलला कुक्कीवॉनला जाऊन आलो, १९७२ मध्ये बांधलेलं तायक्वांदोचं माहेरघर, गंगनम स्टेशनपासून चढ चढत. माझ्या गुडघ्यांनी शिव्या घातल्या. वर झेंडा बघून लेक बाबाला समजावायला लागला की तेगुक नावाच्या मालिकेचे आठ पूमसे असतात, प्रत्येकाचं एक चिन्ह, आणि झेंड्याच्या चार कोपऱ्यांत त्या ज्या काळ्या रेघा आहेत ना, ती त्यातलीच चार, पहिला आकाश, तिसरा अग्नी, सहावा पाणी, आठवा पृथ्वी. बाबा म्हणाला मग उरलेले चार? दुसरा तळं, चौथा गडगडाट, पाचवा वारा, आणि सातवा ड... ड...

मला शब्द माहीत होता. जिभेवर आला होता. मी खाली वाकले आणि बुटाची नाडी सोडली, चांगली घट्ट होती, सोडली आणि सावकाश परत बांधली. वर बघितलं तेव्हा तो डोंगर म्हणून मोकळा झाला होता आणि बाबाला विचारत होता की भूक लागलीये, इथे जवळ काय मिळतं.

तुमच्या लाल बेल्टवाल्याची आई