व्हिएन्नाहून बाबांना

व्हिएन्ना, सोमवार

ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा दादाच्या फ्लॅटचा विषय निघाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "घरांचे भाव काही सरकारच्या हातात नसतात." फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

काल कामावरच्या मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. ती कार्ल-मार्क्स-होफमध्ये राहते. एक किलोमीटरहून लांब इमारत, १९३० सालची. कमानीतून आत गेलं की नुसती झाडं. ती लहानपणापासून इथे आजीजवळ राहायची. आजी गेल्यावर भाडेकरार तिच्या नावावर झाला. घर सोडावं लागेल ही धास्ती तिला माहीतच नाही. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलंय, व्हिएन्ना पालिकेने बांधली. मी तिथे बराच वेळ उभी होते.

१९२३ मध्ये पालिकेने घरांवर खास कर बसवला. कामगाराच्या खोलीला किरकोळ, बंगल्याला जबर. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरं उभी राहिली, प्रत्येकात नळ आणि संडास.

आपल्या नायगावच्या बीडीडी चाळी त्याच दशकातल्या, त्याही सरकारनेच बांधलेल्या. पण १६० चौरस फुटांची खोली, आणि सकाळी बादली घेऊन रांग. पुढे १९४७ च्या कायद्याने मुंबईत भाडी गोठली. मालकांनी डागडुजी सोडली, भाड्याने द्यायला कुणी नवीन बांधेना, पागडी तेवढी वाढली. भाड्यांवर कायद्याचं बंधन व्हिएन्नातही होतंच, पण जोडीला पालिका स्वतः घरं बांधत राहिली. माझ्या मते सगळा फरक तिथे पडला. आज पालिकेकडे सुमारे २,२०,००० घरं आहेत. सहकारी संस्थांची धरली तर जवळजवळ निम्मं शहर अशा घरांत राहतं.

माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांना मात्र वाट पाहावी लागते. शहरात दोन वर्षं राहिलेलं असायला हवं, शिवाय कायम वास्तव्याचा परवाना. तोवर खासगी मालकाचं भाडं, आणि ते मला जड जातं.

काकांना बीडीडी चाळीच्या पुनर्विकासात तिथेच ५०० चौरस फुटांचं घर मिळेल, याचा मला मनापासून आनंद आहे. पण शेजारच्या विक्रीच्या टॉवरमधलं घर दादाला या जन्मात परवडायचं नाही. जमीन सरकारची असताना तिथे थोडी तरी भाड्याची घरं का बांधू नयेत? तुम्ही युनियनमध्ये इतकी वर्षं काढलीत, तुम्हीच सांगा.

दादाला म्हणावं, टोकन द्यायची घाई करू नको, म्हाडाचा अर्ज आधी भर. आईला नमस्कार.

तुमची,
सुमी