बोटीवरच्या माणसांसाठी ‘अडकले’ हा शब्द नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी बंदराबाहेर उभ्या असलेल्या बोटीवरच्या भारतीय खलाशांची बातमी आपल्याकडे आली, त्याबद्दल आभार. मथळा होता, ‘खलाशी समुद्रात अडकले’. खाली बारीक अक्षरांत होतं की पाच महिने पगार नाही, रेशन संपत आलंय, कंपनी फोन उचलत नाही. मालकाने हात वर केलेत हे इतकं स्पष्ट असताना मथळ्यात मालक कुठेच नाही. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो आहे.

मी सत्तावीस वर्षं बोटीवर फिटर होतो. २०१४ साली आखातातल्या एका बंदराबाहेर आम्ही अकरा जण सात महिने असेच होतो. डिझेल पुरवायचं म्हणून जनरेटर दिवसातून दोनच तास चालायचा. त्या दोन तासांत भात शिजवायचा, फोन चार्ज करायचे आणि एसीच्या नळीखाली बादली लावून ठेवायची. त्या बादलीतलं पाणी आम्ही उकळून प्यायलो.

तिसऱ्या महिन्यात एजंट एक कागद घेऊन आला. बंदराच्या ऑफिसला द्यायचा अर्ज होता आणि त्यात आमच्याबद्दल ‘स्ट्रँडेड’ असं लिहिलं होतं. आमच्या कॅप्टनने पेन काढून तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘अबँडन्ड’. एजंट म्हणाला, एकच तर आहे. कॅप्टन एरवी फार बोलणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्याने एजंटला अर्धा तास बसवून ठेवलं. ‘स्ट्रँड’ म्हणजे किनारा. बोट वाळूवर चढली, रुतली, की ती स्ट्रँडेड. दोर तुटून वाऱ्या-पाण्याबरोबर वाहत चालली तर ‘अड्रिफ्ट’. माणसं कायमची उतरून गेली आणि रिकामं जहाज उरलं तर ‘डेरेलिक्ट’. १८७२ साली अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांच्या पुढे ‘मेरी सेलेस्ट’ सापडली तशी, शिडं आहेत, माल आहे, माणूस एकही नाही. आणि माणसं बोटीवर हजर आहेत, मालक मात्र निघून गेलाय, तर ‘अबँडन्ड’. कॅप्टनने खिडकीबाहेर हात करून विचारलं, ही बोट कुठे रुतलीय? खाली वीस मीटर पाणी आहे. कुणीतरी आम्हाला टाकलंय आणि ते या कागदात यायला हवं.

मला तोवर हे सगळे शब्द एकच वाटायचे. पण बोटीवर चालणाऱ्या कामात ते वेगळेच ठेवलेले आहेत. नांगर टाकलेली बोट दिवसा एक काळा गोळा वर चढवते. ताबा सुटला असेल तर दोन, जमिनीवर चढली असेल तर तीन. टाकून दिलेल्या बोटीसाठी मात्र गोळा नाही. आमच्या बोटीवर सात महिने एकच गोळा लटकत होता. शेजारून जाणाऱ्याला वाटणार, निवांत उभी आहे.

इकडे गुहागरला माझ्या बायकोने पेपरात आमची बातमी वाचली. त्यातही ‘अडकले’च होतं. फोन लागला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, “कशात अडकलायत? मशीन बंद पडलंय का?” दुरुस्ती झाली की येतील, असं धरून ती चार महिने कुणाकडेही गेली नाही. मुंबईला डीजी शिपिंगच्या, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याच्या, ऑफिसात जायचं असतं, युनियनला सांगायचं असतं, हे तिला कोण सांगणार? मशीन बंद पडल्याची तक्रार कुणी करतं का?

आता तर कायदाही शब्दाला धरून आहे. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला भारताने २०१५ साली मान्यता दिली, ‘अबँडनमेंट’ म्हणजे काय ते लिहिलेलं आहे. मालक घरी परतायचा खर्च देत नाही, किंवा अन्न-पाणी-इंधन-औषधाविना सोडतो, किंवा निदान दोन महिन्यांचा पगार थकवण्यासकट संबंध तोडतो. यातलं एक झालं तरी पुरे. १८ जानेवारी २०१७ पासून हा करार लागू असलेल्या बोटींवर विम्याचा किंवा तशा हमीचा दाखला सगळ्यांना दिसेल असा लावावा लागतो. त्यातून परतीचा खर्च आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार मिळू शकतो. घरच्यांना ‘टाकलंय’ हे कळलं तर ते फोनवर विचारतील, दाखला लावलाय का, फोटो पाठव. ‘अडकलेत’ कळलं तर देव पाण्यात घालून बसतील.

मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ ही मालवाहू बोट सुएझ कालव्यात खरोखर अडकली होती. सहा दिवस सगळं जग बघत होतं. त्याच कालव्याच्या तोंडाशी ‘अमान’ नावाच्या टाकलेल्या बोटीवर एक सिरियन खलाशी एकटा होता. कोर्टाने त्याला बोटीचा राखणदार ठरवल्यामुळे त्याला उतरता येत नव्हतं. खायला आणायला आणि फोन चार्ज करायला तो किनाऱ्यापर्यंत पोहत जायचा. जवळजवळ चार वर्षांनी, एप्रिलमध्ये तो घरी गेला. या दोन्ही बातम्यांना एकच क्रियापद कसं चालेल?

आणि मराठीत शब्द नाही असंही नाही. नवऱ्याने टाकलेल्या बाईला आपण ‘माहेरी अडकली’ म्हणत नाही. ‘नवऱ्याने टाकली’ म्हणतो, कागदावर ‘परित्यक्ता’ लिहितो. कुणी टाकलं ते पहिल्या शब्दातच येतं. ‘मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले’ हा मथळा एका शब्दाने लांब होईल, पण कृपया तेवढी जागा द्यावी. २०२४ साली जगभर असं टाकलेल्या खलाशांत सर्वाधिक भारतीय होते, त्यामुळे ही बातमी आपल्याला पुन्हा छापावी लागणार आहे.

बायकोने कापून ठेवलेलं ते २०१४चं कात्रण अजून गॅसच्या पुस्तकात आहे. संपादकीय विभागाला हवं असल्यास झेरॉक्स पाठवतो.

आपला,
एक निवृत्त फिटर
गुहागर, जि. रत्नागिरी